डाव्या पुढच्या पायाच्या उबेबाबत

प्रति,
मामा,
रेसच्या तबेल्यातले निवृत्त सईस, पूर्वी राहणार काळाचौकी, चाळीचा दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली. हल्लीचा पत्ता अर्जदारास माहीत नाही.

अर्जदार : गजानन, वय वर्षे चोपन्न, धंदा अर्जलेखन, राहणार त्याच चाळीत, बैठक भोईवाडा कोर्टासमोरच्या फुटपाथवर, सव्वीस वर्षे एकाच जागी.

घटनेचे दिवस : सात हिवाळ्यांपूर्वीचा एक शनिवार, त्याच्या पुढचा मंगळवार, आणि काल, म्हणजे तुमचे बारावे.

साक्षीदार : एक, उस्मानभाई, रेसच्या तबेल्याचे जमादार, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या सर्व सईसांवरचे मुकादम. दोन, तुमची मुलगी सुलू. तीन, एक घोडी, जी सध्या पुण्याच्या बाजूला, पैदाशीच्या स्टड फार्मवर आहे आणि जिची साक्ष नोंदवण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

मामा, मला दुसऱ्या प्रकारे सुरुवात करता येत नाही. नाव, गाव, दिवस, साक्षीदार हे एकदा ओळीने बसले की हात स्थिर होतो. गेले बारा दिवस माझे कामात लक्ष नाही. टेबलावर गिऱ्हाईक बसले की मी "बोला" म्हणतो आणि समोरच्याने काय सांगितले ते मला दुसऱ्यांदा विचारावे लागते. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाने एवढ्या वर्षांत हजारो लोकांचे म्हणणे कागदावर आणले, ते एकदाच ऐकून. ही माझी ख्याती आहे आणि तुम्हीही ती मान्य करत होता, चेष्टेने का होईना. मला "वकिलानू" म्हणणारे तुम्ही एकटेच. आता त्या नावाने मला कोणी हाक मारणार नाही.

काल काय घडले ते आधी सांगतो, कारण हा अर्ज त्यामुळेच लिहीत आहे.

विधी झाल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये सगळे बसले होते. तबेल्यातली माणसे आली होती, चाळ तर होतीच. धाकटे साहेबही आले. त्यांचे वडील गेल्यापासून ट्रेनर तेच आहेत आणि सगळा तबेला त्यांच्याच शब्दावर चालतो. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उभे राहिले आणि चांगले बोलले, मला खोटे सांगायचे नाही. मामांच्या हाताखालचा घोडा कधी पाटीत दाणा ठेवत नसे, मामांनी खरारा केला की घोड्याच्या पाठीत तोंड दिसे, असे सगळे. मग म्हणाले, "मामांच्या हातून एकदाच चूक झाली. एका घोडीच्या पायाची गरमी त्यांच्या ध्यानात आली नाही. पण माणूस केवढा बघा. स्वतःहून लेखी माफी मागितली. आजकाल कोण मागतं हो?"

लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी "खरंय" म्हणाले. मी पुढच्या रांगेत होतो. तुमच्या फोटोला घातलेला हार जरा एका बाजूला सरकला होता, मी तो पाहत राहिलो. उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिले. सुलूनेही पाहिले. मी बसून राहिलो.

आता क्रमाने.

घोड्याचा पाय कसा पाहावा हे मला तुम्ही शिकवले, ते मला आयुष्यात कधीही लागणार नव्हते तरी. एकदा कोर्टाला सुट्टी होती आणि तुम्ही मला पहाटे तबेल्यात घेऊन गेलात. मला वाटले होते की तिथे शर्यतीची हवा असेल, टिपा मिळतील. तिथे होते ओले गवत, कोंड्याचा वास आणि पाण्याच्या नळ्या धरून गुपचूप उभी असलेली माणसे. तुम्ही एका घोडीच्या पायाच्या रात्रीच्या पट्ट्या सोडल्या आणि तसेच उभे राहिलात. मी हात पुढे केला तर तुम्ही तो धरला.

"थांब जरा. आता लावशीत तर पट्टीची ऊब लागतली. ती जाऊंदे. मगे रवता ती पायाची."

आपण थांबलो. तुम्ही बादलीत हात बुडवून पाणी ढवळले, तेव्हा कुठे ती घोडी प्यायला लागली. मग म्हणालात, "आता उजव्या पायाक लाव. मगे डाव्याक. एकटो पाय काय सांगणा नाय, जोडीचो बघूक व्हयो."

मी दोन्हीकडे हात लावला. "मला सारखेच वाटतात," मी म्हणालो.

"सारखेच आसत. म्हणान आज ती धावतली."

तीच ती घोडी. पुस्तकातले तिचे नाव इंग्रजी आणि लांबलचक होते. तुम्ही तिला "बाय" म्हणत होता. दोन वर्षांची असताना ती स्टड फार्मवरून आली तेव्हा कोणालाही कानाला हात लावू देत नसे. तुम्ही तिच्या कानामागे खाजवत होता आणि ती डोळे मिटून तुमच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होती. एवढ्या मोठ्या, एवढ्या किमती जनावराला असे निवांत झालेले मी प्रथमच पाहिले. तुम्ही मात्र माझ्याकडे पाहून म्हणालात, "वकिलानू, हिच्या वतीन पण एक अर्ज करूक व्हयो. दाण्यात गाजरा कमी येतत."

तर तो शनिवार. दुसऱ्या दिवशी तिची रेस होती. सकाळी पट्ट्या सोडून, थांबून, तुम्ही हात लावला आणि डावा पुढचा पाय उजव्यापेक्षा उबदार लागला. खुराच्या वर, मागच्या बाजूला, नसेवर, म्हणजे कंडरेवर, एका बोटाएवढ्या जागेत. तुम्ही उस्मानभाईंना बोलावले. त्यांनीही हात लावला. मग तुम्ही दोघे धाकट्या साहेबांकडे गेलात. ते फोनवर होते. तुम्ही म्हणालात, "साहेब, बायचो डावो पुढचो गरम आसा. उद्या नको." त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली आणि हाताने खूण केली, तिचा अर्थ तुम्ही बर्फ लावा असा घेतला. तुम्ही दिवसभर बर्फ लावला. रविवारी शर्यतीतून तिचे नाव काढले गेले नाही. ती धावली, चौथी आली, आणि थांबली ती तीन पायांवर.

हाड मोडले नव्हते, नस गेली होती. जीव वाचला, पण धावणे संपले.

घोडीच्या मालकाने जाब विचारला. मोठ्या साहेबांनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, जे तेव्हा ट्रेनर होते, तबेल्यातल्या प्रत्येकाकडून लेखी खुलासा मागवला. आणि मंगळवारी दुपारी तुम्ही माझ्या टेबलासमोर येऊन बसलात. टोपी मांडीवर होती. तुमच्या हाताला घोड्यांच्या पायांना लावायच्या औषधी लेपाचा वास येत होता.

"लिव," तुम्ही म्हणालात. "शनिवारी पाय गरम लागलो. मी साहेबाक सांगितलंय. उस्मान सोबत होतो. बस."

"मामा, एवढ्याने अर्ज होत नाही."

"कित्याक? सगळा तर इला."

"त्याला रीत असते."

"रीत घोडीक नाय कळना."

"कागद घोडी वाचणार नाहीये, साहेब वाचणार आहेत."

तुम्ही मला लिहू दिलेत, कारण हे माझे क्षेत्र होते आणि तुम्ही दुसऱ्याच्या क्षेत्रात बोट घालणारे नव्हता. मी दोन पाने लिहिली. तुमच्या सेवेची वर्षे, मोठ्या साहेबांचा दयाळूपणा, घोडीचा आणि तुमचा लळा, मग शनिवारची हकिकत, आणि शेवटी ते वाक्य जे मी सव्वीस वर्षे प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहीत आलो आहे. "तरी माझ्याकडून कळत नकळत काही कसूर झाली असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी, ही नम्र विनंती." नळाच्या जोडणीच्या अर्जातही मी ते लिहितो. शाळेच्या दाखल्याच्या अर्जातही लिहितो. मोठ्या माणसापुढे कागद न्यायचा तर शेवटी वाकून न्यायचा, हे मला माझ्या गुरूंनी शिकवले होते.

मी तुम्हाला सगळे वाचून दाखवले. ते वाक्य आल्यावर तुम्ही मला थांबवलेत.

"ह्या कोणाची कसूर?"

"कोणाची नाही. असे लिहायचे असते."

"मी चुकलंय तर माफी मागतलंय. नाय चुकलंय तर कित्याक मागू?"

"मामा, तुम्ही घोड्यातले. मी तुम्हाला पट्टी कशी बांधावी हे सांगतो का?"

हे मी बोललो. शब्दशः हेच. तुम्ही हसलात आणि सही केलीत, एकेक अक्षर सावकाश, जसे तुम्ही पट्टीचे वेढे देत होता.

मोठ्या साहेबांसमोर त्या दिवशी पुष्कळ कागद आले असतील. दोन पाने कोण वाचतो? त्यांनी शेवट वाचला. कसूर, क्षमा, खाली तुमची सही. मालकाला सांगायला एक माणूस मिळाला, तोही कबूल झालेला. उस्मानभाई दाराशी दोन तास उभे होते, बोलावले की सांगीन म्हणून. त्यांना कोणी आत बोलावलेच नाही. कबुलीजबाब हातात असताना साक्षीदार कोण तपासतो?

तुम्हाला कामावरून काढले नाही. याला त्यांनी दया म्हटले. तुम्हाला घोड्यांवरून काढून गवताच्या गोदामावर बसवले आणि कोणत्याही जनावराला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. चार वर्षे, निवृत्त होईपर्यंत, तुम्ही पेंढ्या मोजल्या. पन्नास पावलांवर तबेला. घोडा खोकला की तुम्हाला ऐकू यायचे आणि कोणता घोडा खोकला हेही कळायचे, पण उठून जाता यायचे नाही.

त्या चार वर्षांतला एकच अर्धा तास मला उस्मानभाईंनी सांगितला, तुम्ही नाही. घोडीला पैदाशीसाठी स्टड फार्मवर न्यायला गाडी आली. ती फळीवर चढेना. पाच माणसांनी प्रयत्न केला, डोळे बांधून पाहिले. शेवटी तुम्हाला गोदामातून बोलावले. तुम्ही आलात, तिच्या कानामागे हात ठेवलात, तिच्या बाजूने चालत गाडीत गेलात आणि तिला बांधून एकटे खाली उतरलात. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर तुम्ही उस्मानभाईंना म्हणालात, "वाटेत पाणी ढवळून देऊक सांग." आणि परत गोदामात गेलात. त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या गॅलरीत येऊन माझ्याशी गणपतीच्या वर्गणीवरून वाद घातलात. मला काही कळलेसुद्धा नाही.

मी त्या काळात तुमच्याकडे येत होतो, रोज बोलत होतो. ते वाक्य चुकले असे एकदाही म्हणालो नाही. उलट एकदा म्हणालो, वाक्य बरोबर होते, वाचणाऱ्याने वाकडे वाचले. तुम्ही म्हणालात, "असात." मालवणी माणसाचे "असात", म्हणजे असेल, याचा अर्थ वाद संपला असा नव्हे, हे मला समजत होते. तरी मी ते संपले असे धरून चाललो.

निवृत्तीनंतर तुम्ही सकाळी रेसकोर्सवर फिरायला जाऊ लागलात. चाळीतले लोक हसले. तुम्हाला कसली चरबी उतरवायची होती? मला तुम्ही एकदा सोबत नेलेत, गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. भारी बूट घातलेली माणसे हात हलवत आपल्या बाजूने जात होती आणि तुम्ही कठड्याला धरून उभे होता. समोरून उस्मानभाई एका तरण्या घोडीला चालवत आणत होते. तिने वळताना दोनदा मान झटकली.

"बायची," तुम्ही म्हणालात.

"बायचीच लेक, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"सांगूक कित्याक व्हया? आवस पण अशीच मान टाकी."

घोडीने चार फेऱ्या मारल्या. पाचव्या वेळी तुम्ही कठड्यावरून हाक दिलीत. "उस्मान, डावो बघ."

"मामा, अभी तो देखा. दोनों पैर एक जैसा."

"पट्टी सोडल्यार किती वेळान बघलंस?"

उस्मानभाईंनी फेरी थांबवली. घोडीला बाजूला घेतले, उभी ठेवली. तुम्हीही उभे राहिलात. कठडा ओलांडून पलीकडे जायला कोणी अडवले नसते, पण तुम्ही पलीकडे गेला नाहीत. बऱ्याच वेळाने उस्मानभाई वाकले, उजव्या पायाला हात लावला, मग डाव्याला. मग पुन्हा डाव्याला. उठून म्हणाले, "आज इसको छुट्टी. पंधरा दिन की बोलो." आणि त्यांनी तुम्हाला कठड्यापलीकडून सलाम केला. ती घोडी आजही धावते, मामा. परवाच धावली.

परत येताना सातरस्त्याला आपण चहा घेतला. तुम्ही खूश होता. बिस्कीट बुडवत तुम्ही मला म्हणालात, "आता लिव."

"काय?"

"तां वाक्य माझा नव्हता म्हणान. तू सांगितलंस म्हणान सही केलंय. एवढाच लिव."

मी म्हणालो, "मामा, आता मुदत उलटून गेली."

"खयची मुदत?"

"असते. अशा गोष्टींना मुदत असते."

"माझी की तुझी?"

मी चहाचा कप उचलला. तुम्ही हसलात आणि दुसरे बिस्कीट मागवलेत. अशी कोणतीही मुदत नव्हती. तबेल्याच्या ट्रेनरला एक चिठ्ठी द्यायला कसली आली मुदत? हे मला तेव्हाही माहीत होते.

आता काल.

सभा संपल्यावर लोक पांगले. सुलूने मला चहा आणून दिला आणि बाजूच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "काका, तुम्ही उठाल असं वाटलं मला."

मी म्हणालो, "दुःखाच्या जागी वाद बरा दिसत नाही."

"मी वाद घाला म्हणत नाही. खरं काय ते बोला, एवढंच."

मग तिने जे सांगितले ते मला आजवर माहीत नव्हते. गोदामावर बसवले त्या आठवड्यात ती तुमच्यावर चिडली होती. म्हणाली होती, चाळीत सगळ्यांना सांगते, गजाकाकांच्या कागदाने माझ्या बापाचे घोडे गेले. तुम्ही तिला म्हणालात, "गजाक काय बोलू नको. तेचो धंदो आसा. एका कागदान माणूस बसता म्हटल्यार तेच्याकडे कोण येतलो?" आणि तिच्याकडून शपथ घेतलीत. ती शपथ तिने सात वर्षे पाळली. चाळीत तुमच्यामागे "मामांचा हात चुकला" असे लोक बोलत होते, मीसुद्धा ते ऐकत होतो, आणि माझ्या टेबलावर गिऱ्हाईक रोज येत होते.

हे ऐकून मी चहा तसाच ठेवला आणि घरी आलो. बायकोने विचारले, काय झाले? मी म्हणालो, उद्या सकाळी मला एक अर्ज करायचा आहे. ती म्हणाली, कोणाचा? मी म्हणालो, माझा. सव्वीस वर्षांत मी माझा अर्ज केलेला तिने पाहिला नव्हता.

आज सकाळी मी तो धाकट्या साहेबांच्या नावे लिहिला. सहा वेळा लिहिला. पहिल्या पाच वेळा मी तुमची सेवेची वर्षे घातली, दयाळूपणा घातला आणि ते सगळे खोडले. सहाव्या वेळी चार ओळी राहिल्या. शनिवारी मामांना पाय उबदार लागला. त्यांनी ते उस्मानभाईंसमक्ष आपल्याला सांगितले. खुलाशातले क्षमेचे वाक्य त्यांचे नव्हते, ते नको म्हणत असताना मी घातले. मामांच्या हातून कसूर झाली नाही. खाली माझी सही, बाजूला उस्मानभाईंची. उस्मानभाईंनी सही करताना विचारले, "इतना छोटा?" मी हो म्हणालो.

धाकट्या साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. म्हणाले, "मी फोनवर होतो का तेव्हा?" मी म्हणालो, "होता." त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. त्यांना आठवले की नाही ते मी सांगू शकत नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही हे सगळ्यांसमोर बोलाल?" मी म्हणालो, "बोलेन." म्हणाले, "मग रविवारी सकाळी या. सगळे सईस असतील. आधी तुम्ही बोला, मग मी बोलतो." तुमची चूक नव्हती, एवढे त्यांनी अजून स्वतःच्या तोंडाने म्हटलेले नाही. रविवारी काय म्हणतात ते पाहायचे. मी जाणार आहे. सुलूही येते आहे. त्यानंतर भोईवाड्यात माझ्या टेबलावर किती लोक बसतील हे मला सांगता येत नाही, आणि आज त्याचा विचारही मी फार करत नाही.

मामा, इथपर्यंत हकिकत झाली. आता मागणे.

तुमच्या खुलाशात मी तुमच्या वतीने जी क्षमा मागितली ती मागायची नव्हती. आणि माझ्या वतीने जी मागायला हवी होती ती मी कधीच मागितली नाही, कारण स्वतःसाठी ती मागण्याची मला सवय नव्हती. परंतु काल सुलूकडून समजले की तुम्ही ती सात वर्षांपूर्वीच देऊन टाकली होती. मला बोलावले नाही, माझे म्हणणे घेतले नाही, मला निकालाची प्रत दिली नाही. रोज माझ्या समोर बसून बिस्किटे खाल्लीत आणि एका शब्दाने कळवले नाही. ही गोष्ट रीतसर झाली असे मी मानत नाही.

सबब विनंती अशी की, सदरची क्षमा तूर्त रद्द करावी. अर्जदारास समोर उभे करून त्याचे म्हणणे, कितीही वेळ लागला तरी, पूर्ण ऐकून घ्यावे. त्यास जे बोलायचे ते तुमच्या तोंडावर बोलू द्यावे, आणि तुम्हाला जे बोलायचे होते तेही तुम्ही त्यास बोलावे, शिव्यांसह. त्यानंतर जो निर्णय योग्य वाटेल तो द्यावा. तो विरुद्ध गेला तरी अर्जदार अपील करणार नाही.

उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
गजानन